टिनटिनसाठी फिरताय, तर शेव्हेर्नी चुकवू नका

टिनटिन या बेल्जियन कॉमिक्सच्या नायकाचे चाहते ब्रसेल्समधलं जिना उतरणाऱ्या टिनटिनचं भित्तिचित्र बघतातच, त्यात थोडी भर. तिथून मेट्रोच्या १ नंबरच्या लाइनने शेवटच्या स्टॉकेल स्टेशनला जा. फलाटालगतच्या भिंतींवर टिनटिनच्या गोष्टींतली झाडून सगळी मंडळी हजर आहेत, तीही टिनटिनचा जनक असलेल्या खुद्द एर्जेच्या रेखाटनांवरून. मेट्रोच्या तिकिटात आणखी काय हवं!

पण मला विचाराल तर खरी मजा फ्रान्समध्ये, ल्वार खोऱ्यातल्या शेव्हेर्नीच्या जुन्या वाड्यात. टिनटिनचा दोस्त कॅप्टन हॅडॉक याचा गोष्टींतला मार्लिनस्पाईक वाडा बेतलाय तो ह्याच्यावरूनच, फक्त एर्जेने दोन्ही टोकांचे भाग उडवलेत. समोर उभं राहून हातांनी दोन्ही कडा झाका, पुस्तकातलं चित्र तयार. आवारात टिनटिनचं कायमस्वरूपी प्रदर्शनही आहे. २००९ साली उघडलेलं बेल्जियममधल्या लूव्हँ-ला-नव्हचं एर्जे म्युझियम देखणं आहेच, पण सोमवारी जाऊ नका, बंद असतं.