प्रतिसाद: झुरळांसाठी फवाऱ्यापेक्षा विषारी जेल बरे

घरातल्या झुरळांवर दर आठवड्याला कीटकनाशकाचा फवारा मारावा असा जो सल्ला दिला जातो, त्याच्याशी मी सहमत नाही. स्वयंपाकघरात दिसणारी लहान, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेली झुरळे जर्मन जातीची असतात. त्यांची मादी ३० ते ४० अंड्यांची कुपी पिल्ले बाहेर पडण्याच्या बेताला येईपर्यंत अंगावरच वागवते, आणि फवाऱ्यातून वाचलेली झुरळे फटींत आणखी खोल शिरतात. त्याऐवजी फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक असलेल्या जेलचे (झुरळे खातात अशा विषारी आमिषाचे) मसुरीएवढे ठिपके कपाटांच्या बिजागऱ्यांपाशी, सिंकखाली आणि फ्रिजच्या कॉम्प्रेसरजवळ, म्हणजे जिथे त्यांची बारीक काळी विष्ठा साचलेली दिसेल तिथे, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा बेताने लावावेत. जेल खाल्लेले झुरळ आडोशाला जाऊन मरते आणि त्याची विष्ठा व कलेवर खाणारी पिल्लेही त्याच विषाने दगावतात. ठिपक्यांच्या आसपास फवारा मात्र अजिबात मारू नये (हौशी मंडळी नेमके तेच करतात), कारण त्या वासाने झुरळे जेलकडे फिरकतच नाहीत. पाइपांची डक्ट शेजाऱ्यांशी सामाईक असल्यास सिंकच्या पाइपाभोवतीचे भोक व्हाइट सिमेंटने बुजवून घ्यावे आणि (भाड्याने राहत असल्यास घरमालकामार्फत) सोसायटीला लेखी कळवून संपूर्ण विंगमध्ये एकाच वेळी उपाय करण्याचा आग्रह धरावा.