फ्रेंच लाल वाईनमध्ये दोन-तीन जातींची द्राक्षं का मिसळतात?

माझी तासगाव तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग आहे, सोनाका आणि माणिक चमन. बहुतेक माल बेदाण्याला जातो. पुतण्यानं परवा फ्रान्समधल्या बोर्डो भागातल्या लाल वाईनची बाटली आणली. आम्हाला बोर्डो म्हणजे द्राक्षावरच्या दावण्या रोगावर मारायचं मोरचूद-चुन्याचं औषध! (तेही तिथलंच, १८८५ च्या सुमाराचं.) लेबलवर पुढं फक्त गावाचं नाव, सेंतेमिलियाँ. मागं बारीक अक्षरांत द्राक्षाच्या दोन जाती, मेर्लो आणि कॅबर्ने फ्रां. पहिल्या घोटाला हिरड्या आवळल्या, कच्चं जांभूळ चावल्यागत. तासाभरानं तीच वाईन मऊ लागली, जिभेवर बराच वेळ रेंगाळली. मला फार आवडली. पण एका पेटीत दोन जाती भरल्या तर आमचा व्यापारी दर पाडतो. हे लोक मुद्दाम का मिसळतात?

पलूसहून उत्तर
काका, मी सात वर्षं वाईनरीत काम केलंय. ही भेसळ नाही. बोर्डोतली आणखी एक मोठी जात म्हणजे कॅबर्ने सोव्हिन्याँ, तिचा मणी बारीक, साल जाड. तुरटपणा आणि टिकाऊपणा तिचा, पण ती पिकते उशिरा. मेर्लो आधी पिकते, अंगानं भरलेली आणि मऊ. समुद्र जवळ असल्यानं काढणीच्या तोंडावर पावसाची भीती असते, एक जात फसली तर दुसरी सावरते. जमिनीचंही तसंच. जिरोंद खाडीच्या डाव्या काठाला मेदोक भागात खडेगोटे, तिथं कॅबर्ने सोव्हिन्याँ जास्त. तुमच्या बाटलीच्या गावाकडं, उजव्या काठाच्या बाजूला, चिकणमाती आणि चुनखडी, तिथं मेर्लो. प्रत्येक जात बहुधा वेगळी आंबवतात, मग चाखून प्रमाण ठरवतात. खरं कसब तिथंच लागतं.

मिरजेहून उत्तर
सगळे फ्रेंच मिसळत नाहीत हं, बर्गंडीची लाल जवळपास सगळी एकट्या पिनो न्वार जातीची. उलट ऱ्होन खोऱ्यातल्या शातोनफ-द्यु-पाप गावच्या वाईनला तेरा जातींची मुभा, त्यात ग्रेनाश मुख्य. आणि काका, एप्रिलच्या उकाड्यात बाटली तशीच उघडू नका. आधी वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, सोळा ते अठरा अंशांवर तिचा वास खुलतो.

पुन्हा मी
दोघांचे आभार. पावसाचं एकदम पटलं. अवकाळीचा फटका एकदम बसू नये म्हणून मी ऑक्टोबर छाटणी दोन टप्प्यांत घेतो, पंधरा दिवसांच्या अंतरानं. ते लोक तेच काम दोन जाती लावून करतात. पुतण्याला आता मेदोकची बाटली आणायला सांगितलंय, दोन्ही काठ शेजारी ठेवून चाखायचेत.