रेड-फुटेड कासवाच्या पिल्लाची पाठ उंचसखल होतेय. ओल कमी पडते की आहार चुकतोय?

पानगळ:
पिल्लू ५ महिन्यांचं, वजन ६२ ग्रॅम. पाठीच्या मधल्या रांगेतले पुढचे दोन खवले टेकडीसारखे वर आलेत, खवल्यांमधल्या फटी खोल दिसतात. घर म्हणजे ९० × ४५ सेंमीची काचेची टाकी. वर जाळीचं झाकण, त्यावर ६० वॅटचा उष्णतेचा बल्ब आणि शेजारी यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब. खाली कोकोपीटचा ३ सेंमी थर आहे आणि दिवसातून दोनदा फवारा मारतो. टाकीच्या भिंतीवरचा आर्द्रतामापक ६० टक्के दाखवतो. खाणं काकडी, लेट्यूस, थोडं केळं; कॅल्शियमची पूड रोज. पोटाकडच्या कवचावर एक पांढुरका डागही दिसतोय. प्रथिनं पूर्ण बंद करावीत का? आणि हे उंचवटे परत बसतात का?

कूर्मपीठ:
आधी तो मापक भिंतीवरून काढा आणि पिल्लू जिथे झोपतं तिथे, त्याच्या पाठीच्या उंचीवर ठेवा. भिंतीवर ६० असेल तर बल्बखाली बहुधा ४०च्या आसपास निघेल. कवचाला हवा लागते ती तिथली.

या जातीची पिल्लं जंगलात उघड्यावर ऊन खात बसत नाहीत. ती पालापाचोळ्यात दडलेली असतात आणि तिथली हवा जवळजवळ पूर्ण दमट असते. कवच खवल्यांच्या कडांशी वाढतं. तिथला नवा केराटिन (नखांसारखा कडक पदार्थ) कोरड्या हवेत लवकर कडक झाला की वाढ आडवी पसरायच्या ऐवजी खाली वळते आणि खवल्याचा मधला भाग उचलल्यासारखा वर येतो. तुमच्याकडे हवा सुकवणारी दोन कारणं एकत्र आहेत. बल्बची उष्णता थेट पाठीवर पडते, आणि गरम दमट हवा जाळीतून वर निघून जाते. फवाऱ्याने वरचा अर्धा सेंमी थर भिजतो आणि तासाभरात सुकतो.

जाळीचा तीन-चतुर्थांश भाग प्लास्टिकच्या पत्र्याने झाका. बल्ब किंवा हीटर जिथे असेल तो भाग उघडाच राहू द्या. यूव्हीबी ट्यूब टाकीच्या आत घ्या. काचेतून यूव्हीबी येत नाही आणि जाळीही बराच भाग अडवते. पिल्लाच्या पाठीवर यूव्ही निर्देशांक १ ते २ पुरतो, सोबत दाट सावलीची जागा हवीच. बल्बच्या जागी थर्मोस्टॅटवर चालणारं हीट पॅनेल लावा. ते शक्य नसेल तर एका जोरदार हीटरऐवजी कमी वॅटचे दोन सिरॅमिक हीटर दूरदूर लावा, म्हणजे उष्णता एकाच जागी ओतली जाणार नाही. दिवसा २७ ते ३० अंश, एका कोपऱ्यात ३१-३२, रात्री २४च्या खाली नाही. ही रात्रीची अट सोडू नका. दमट आणि गार हवा एकत्र आली की नाकातून पाणी, तोंड उघडून श्वास आणि पुढे न्यूमोनिया.

थर ३ सेंमीचा चालणार नाही, ८ ते १० सेंमी हवा: दोन भाग जाडसर काथ्याचा चुरा, एक भाग सुका पाला. पाणी वरून शिंपडू नका, कोपऱ्यांतून तळाशी ओता. तुमच्या टाकीला सुरुवातीला दीड लिटर कोमट पाणी घाला आणि मूठ आवळून बघा. गोळा व्हावा, पण थेंब गळू नये. तळ ओला आणि वरचा बोटभर थर कोरडा, हे जमलं की हवा ८० टक्क्यांवर आपोआप टिकते. एका बाजूला उपडा डबा ठेवून त्यात ओलसर स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरा. पिल्लू बहुतेक वेळ तिथेच काढेल, काढू द्या.

मऊमाती:
कूर्मपीठ यांच्याशी सहमत. मात्र त्या पांढऱ्या डागाकडे आधी बघा, कारण ओल वाढवली की तो पसरू शकतो.

पोट कोमट पाण्याने आणि मऊ टूथब्रशने घासून पूर्ण वाळू द्या. पाण्यातल्या क्षाराचा डाग सपाट असतो, नखाला खरखरीत लागतो आणि खालचा खवला टणक असतो. पापुद्रे सुटत असतील, खड्डा असेल, दाबल्यावर जागा मऊ लागत असेल किंवा वास येत असेल तर तो कवचसडा, म्हणजे संसर्गाने कवच कुजणं, समजा. शंका असली तर २ टक्के क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचं ५ मिली द्रावण १९५ मिली पाण्यात मिसळा, कापसाच्या बोळ्याने डागावर लावा, १० मिनिटांनी धुवा, पुसा आणि अर्धा तास कोरड्या फडक्यावर उबेत ठेवा. दिवसातून एकदा, आठवडाभर. डोळ्यांत जाऊ देऊ नका. खड्डा, मऊपणा किंवा वास असेल तर मात्र घरी वेळ न घालवता सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. पोटाच्या कवचाखाली गुलाबी-लाल छटा दिसली तर त्याच दिवशी न्या, कारण तो संसर्ग रक्तात गेल्याचा इशारा असू शकतो.

खाणं नेहमी सपाट दगडावर किंवा फरशीच्या तुकड्यावर द्या. पोट टेकायला ती एक कोरडी जागा होते.

पालापाचोळा:
आहाराबद्दल. प्रथिनं बंद करू नका. वीसनर आणि इबेन यांचा २००३चा अभ्यास आफ्रिकन स्पर्ड कासवांच्या पिल्लांवरचा होता. त्यात उंचवट्यांवर सर्वांत मोठा परिणाम आर्द्रतेचा दिसला, प्रथिनांचा अगदी किरकोळ. जात वेगळी आहे हे खरं, पण रेड-फुटेड तर मुळात मिश्राहारी: फळं, अळंबी, गोगलगायी, मेलेले प्राणीसुद्धा खाते. आठवड्यातून एकदा गांडुळाचा लहान तुकडा पुरे.

काकडी आणि लेट्यूस म्हणजे जवळपास नुसतं पाणी. केळ्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त, आणि आपल्याला निदान दुप्पट कॅल्शियम हवं. रोजच्या ताटात दोन-तृतीयांश भाग जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं, डँडेलियन, काटे काढलेलं निवडुंगाचं पान असू द्या. उरलेल्यात पपई, अंजीर, अळंबी. पालक टाळा, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. एका वेळचा ढीग पिल्लाच्या कवचाएवढा.

साधी कॅल्शियम कार्बोनेटची पूड आठवड्यातून तीनदा, चिमूटभर. तुमच्या पुडीत डी३ जीवनसत्त्व आहे का ते डब्यावर वाचा. असेल तर ती रोज देणं आजच थांबवा. डी३ जास्त झालं की कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत साचतं.

पानगळ:
मापक खाली ठेवला, ४३ दाखवतोय. डाग टणक आहे, वास नाही. पूड डी३वालीच निघाली, बंद केली. रोज पाण्यात बसवावं का? आणि कवचावर तेल चोळावं असं बऱ्याच ठिकाणी वाचलं.

कूर्मपीठ:
तेल नको. ते धूळ आणि बुरशी धरून ठेवतं आणि ओल आत जाऊ देत नाही. पाण्यात मात्र रोज बसवा: ३० अंशांचं पाणी, पाठ आणि पोट जिथे जुळतं तिथपर्यंतच खोल, १५ ते २० मिनिटं. बहुतेकदा ते तिथेच शी-शू करतं. मूत्रातला पांढरा भाग दह्यासारखा मऊ असावा. वाळूसारखा खरखरीत आला तर शरीरात पाणी कमी पडतंय. टाकीतही कुंडीखालची पसरट बशी कायम भरलेली ठेवा.

वर आलेले खवले खाली बसत नाहीत, त्याखालचं हाडही तसंच वाढलेलं असतं. घासूनही काढू नका, कवच जिवंत आहे आणि त्याला वेदना होतात. बघायचं ते खवल्यांमधल्या फिकट नव्या पट्टीकडे. महिन्यातून एकदा बाजूने, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा आणि वजन दर आठवड्याला त्याच वारी, खाण्याआधी करा. दोन-तीन महिन्यांत नवी पट्टी सपाट येताना दिसेल. पट्टी अजूनही आत वळत असेल तर आधी झोपायच्या जागेची रात्रीची आर्द्रता तपासा. हीटर रात्रभर चालतो तेव्हाच ती सर्वांत खाली जाते.