हेदरच्या टेकड्या: वाट, वेळ, बूट आणि काय काय चुकतं

स्कॉटलंडात राहणाऱ्या आणि सुट्टीत येणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा धागा. बेन नेव्हिस, म्हणजे इथला सर्वांत उंच डोंगर, इथे नको. पाचशे-सहाशे मीटरच्या, हेदरने (जांभळट फुलांच्या बुटक्या झुडपाने) झाकलेल्या टेकड्यांबद्दलच लिहा. एडिनबराच्या दक्षिणेची पेंटलंड रांग नमुना म्हणून घेऊ. ‘मजा आली, फोटो टाकते’ एवढंच नको. नेमकी माहिती हवी.

एडिनबराहून

पहिल्यांदा येणाऱ्याने पेंटलंडच्या पायथ्याच्या फ्लॉटरस्टोनहून सुरुवात करावी. टर्नहाउस (506 मी), कार्नेथी (573 मी), मग स्कॉल्ड लॉ (579 मी, रांगेतला सर्वांत उंच माथा). तिथून कार्नेथीच्या बाजूच्या खिंडीत परत उतरा. ही खिंड ओलांडणारी जुनी वाट म्हणजे ‘कर्क रोड’, लोक पेनिकुक गावच्या चर्चला जायचे ती. तिने वायव्येला दरीत उतरलात की लोगनली आणि ग्लेनकोर्स जलाशयांच्या कडेने डांबरी रस्ता थेट फ्लॉटरस्टोनला आणतो. एकूण 12-13 किमी.

आकडे बघून ‘आपला सिंहगड’ म्हणणारे इथे फसतात. प्रत्येक माथ्यानंतर बरंच खाली उतरून पुन्हा चढायचं असल्यामुळे एकूण चढाई सहाशे मीटरच्या आसपास जाते. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 चा हिशेब अजून कामाचा आहे: दर 5 किमीला एक तास, शिवाय दर 10 मीटर चढाईला एक मिनिट. म्हणजे साडेतीन तास, तेही न थांबता. साडेचार-पाच धरा. डिसेंबरात पावणेचारच्या आधीच सूर्य मावळतो; त्या महिन्यात सकाळी दहानंतर निघू नका.

फाइफहून

वाटेबद्दल वर आलंच आहे, मी जमिनीबद्दल लिहिते. पायाखाली काय उगवलंय ते वाचता आलं तर अर्धं काम झालं.

हेदरचे तीन प्रकार दिसतात. बेल हेदर कोरड्या, दगडाळ उतारावर. गडद जांभळट फुलं, पानं तीन-तीनच्या झुबक्यात, बहर जुलैपासून. लिंग हेदर सगळीकडे. खवल्यांसारखी बारीक पानं, आणि ऑगस्टात अख्खी टेकडी जांभळी करणारी हीच. तिसरी क्रॉस-लीव्हड हीथ: पानं चार-चार, फिकट गुलाबी फुलं दांड्याच्या टोकाला गुच्छात. ही दिसली की खाली ओल आहे असं समजा. पांढरे कापसाचे तुरे म्हणजे दलदल. चमकदार हिरवं, उशीसारखं शेवाळ दिसलं तर पाय ठेवूच नका; घोट्यापर्यंत सहज जातो, कधी गुडघ्यापर्यंत.

वाट सोडून हेदरमधून ‘शॉर्टकट’ मारू नये. जुन्या हेदरच्या काटक्या लाकडासारख्या कडक आणि गुडघाभर उंच असतात, खालचे खड्डे नि दगड त्यात दिसत नाहीत. घोटा मुरगळतो तो इथेच. उतारावर चौकोनी, काळपट पट्टे दिसतील. ग्राउस पक्ष्यांसाठी कोवळे कोंब फुटावेत म्हणून जाळलेलं हेदर ते. तिथून चालणं सोपं वाटतं, पण जळके खुंट पिंडऱ्या ओरबाडतात.

ग्लासगोहून

सह्याद्रीत चालणारे कॅनव्हासचे बूट इथे निरुपयोगी. आपल्याकडे कातळावर पकड लागते, इथे ओल्या गवतावर आणि पीटच्या (कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीच्या) चिखलात. खोल खाचांचा तळवा हवा. बहुतेक जण घसरतात ते उतरताना, ओल्या गवतावर. काठ्या असतील तर त्या वेळी लांब करून घ्या.

जीन्स आणि सुती टी-शर्ट घरी ठेवा. सुती कापड भिजलं की वाळत नाही आणि वाऱ्यात अंगातली ऊब काढून घेतं. उंचीमुळे तापमान तीन-चार अंशच उतरतं. खरा त्रास वाऱ्याचा, कारण माथ्यावर आडोसा नाही. जूनमध्येही टोपी, हातमोजे आणि वारा अडवणारं जाकीट पिशवीत असू द्या. वर लिंबूपाणी-भजीवाले मावशी-काका नाहीत, त्यामुळे थेपले आणि थर्मास बरोबर हवाच. ओढ्याचं पाणी पिऊ नका. वर मेंढ्या चरतात.

पुन्हा एडिनबराहून

धुक्याबद्दल राहिलं. रांग ईशान्य-नैर्ऋत्य आहे. कार्नेथीच्या माथ्यावर दगडांची प्रचंड रास आहे, तिच्याभोवती एक फेरी मारली की दिशा हरवते. पुढे निघण्यापूर्वी होकायंत्र लावा. आग्नेयेला उतरलात तर ए702 रस्ता लागतो, वायव्येला उतरलात तर जलाशयाची दरी. ग्लेनकोर्सपलीकडे कासललॉला लष्कराची गोळीबाराची जागा आहे. लाल निशाण असेल तर तिकडे वळायचं नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा एक्स्प्लोरर 344 नकाशा कागदी घ्या, थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते. मदत लागली तर 999, ‘पोलीस’ सांगा आणि मग ‘माउंटन रेस्क्यू’.

ॲबरडीनहून

आमच्याकडे बेनाही टेकडी आहे, तिचा मिदर टॅप हा माथा 518 मी, त्यावर जुन्या दगडी किल्ल्याची तटबंदी. गडप्रेमींनी चुकवू नये.

कुत्रा असेल तर एप्रिल ते जुलै पट्टा बांधाच. पक्षी जमिनीवर घरटी करतात, शिवाय कोकरं असतात. फाटक जसं सापडलं तसंच सोडा, उघडं असेल तर उघडं. स्कॉटलंडच्या 2003 च्या कायद्याने मोकळ्या जमिनीवर फिरायचा हक्क दिलाय, तो जबाबदारीने वागण्याच्या अटीवर.

आणि गोचीड! हेदर नि ब्रॅकनमधून (उंच नेच्यातून) आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, कमरेला तपासा. गोचीड काढायचा आकडा किंवा बारीक चिमटा घेऊन कातडीलगत धरा आणि सरळ वर ओढा. तेल, व्हॅसलीन, काडेपेटी काही नको. नंतर 3 ते 30 दिवसांत लाल, पसरत जाणारं वर्तुळ दिसलं तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा. लाइम या गोचिडीमुळे होणाऱ्या आजारावर अँटिबायोटिक असतं.