बाबांचा फ्लॅप आकसतोय, तोंड उघडत नाही. लवकर सांगा!

वैतागलेली_लेक: बाबांचा गाल आधी चांगला फुगलेला दिसायचा, आता आत ओढला गेलाय. पोळी सोडाच, गुरगुट्या भातही चमच्याने कोंबावा लागतो. डॉक्टर म्हणतात, होतं असं. पुढची तारीख तीन आठवड्यांनी. तेलाने मालीश केली तर सैल होईल का?

खडूस_काका: कसला फ्लॅप, कधीचा, कशासाठी? आम्ही काय पत्रिका मांडून सांगायचं?

वैतागलेली_लेक: अहो, गालाचा! मार्चमध्ये कॅन्सरचं ऑपरेशन झालं ना.

मावशी_नागपूरकर: माझ्या भाच्याला भाजल्यावर मांडीची कातडी लावली होती. सिलिकॉन जेल आणि घट्ट पट्टे, वर्षभर. चट्टा सपाट झाला. तेच कर गं.

टाके_आणि_कात्री: मावशी, तो ग्राफ्ट. नुसती कातडी, तिला रक्त खालच्या जखमेतून मिळतं. पातळ ग्राफ्ट नंतर बराच आकसतो. फ्लॅप म्हणजे अंगावरून दुसरीकडून आणलेला जाडसर तुकडा, तो आपली रक्तवाहिनी घेऊन येतो. शिवाय तोंडाच्या आत पट्टा कुठे बांधणार? ताई, फ्लॅप छातीचा की हाताचा? शेक, म्हणजे रेडिएशन, झाले?

वैतागलेली_लेक: छातीचा. तीस शेक, जूनमध्ये संपले. ते सगळ्यांनाच देतात ना, म्हणून लिहिलं नाही.

टाके_आणि_कात्री: सगळ्यांना नाही देत, आणि हेच आधी हवं होतं. छातीच्या फ्लॅपमध्ये कातडीखालचा स्नायूही येतो. त्याची नस तुटलेली, काम उरत नाही, म्हणून तो वाळतो आणि गाल बसतो. हे धरूनच सर्जन तुकडा जरा मोठा घेतात. तोंड न उघडणं मात्र जास्त करून शेकामुळे. चावायचे स्नायू कडक होतात. तेलाने ते सुटत नाहीत. उभी बोटं किती जातात?

वैतागलेली_लेक: एक. जेमतेम.

सासऱ्यांची_सून: तीन जायला हवीत. आम्ही आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दाढांमध्ये सरकवायचो, दिवसातून पाच-सहा वेळा. अकरा काड्यांवरून एकोणीसवर यायला चार महिने लागले.

खडूस_काका: काड्या कसल्या? स्क्रूचं यंत्र मिळतं.

सासऱ्यांची_सून: त्याने सासऱ्यांचा पुढचा दात हलला, काका.

खडूस_काका: घाईने पिळलं असेल. काड्या कोंबूनही हलतो.

मिश्किल_मेव्हणा: आमच्या भाऊजींना तोंडात छातीचे केस उगवले होते! शेकात गळाले बिचारे.

इतिहासवेडा: यात आपण सगळ्यांच्या पुढे होतो. टिपूच्या लोकांनी कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक कापलं, ते कपाळाच्या कातडीने पुन्हा बसवलं. आधी मेणाचं नाक करून, ते सपाट पसरून माप काढलं. १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात चित्रासकट छापून आलंय.

खडूस_काका: त्याचं तोंड उघडत होतं ना? मग इथे काय त्याचं?

टाके_आणि_कात्री: ताई, हे हळूहळू झालं की अलीकडे एकदम? आत नवीन जखम, गाठ, दुखणं?

वैतागलेली_लेक: मागच्या महिन्यात दोन बोटं जात होती. जखम दिसत नाही, पण बघणार कसं? त्या बाजूचा कान दुखतो म्हणतात. ते सर्दीचं असेल.

टाके_आणि_कात्री: सर्दीवर सोडू नका. शेकानेही कान दुखतो, पण तोंड एवढ्यात एका बोटावर आलंय आणि कानही त्याच बाजूचा, तर तीन आठवडे थांबायचं नाही. उद्या सकाळी ओपीडीला फोन करा, या दोन गोष्टी सांगा, आत नीट तपासून घ्या. काड्या त्यानंतर, ते सांगतील तशा.

वैतागलेली_लेक: बरं. मालीश?

सासऱ्यांची_सून: अगं, आधी फोन!