फाशीचा कैदी आणि एका दिवसाचा उशीर

अर्धविराम:
अमेरिकेत राज्याच्या कोर्टांनी फाशी कायम केली की कैदी फेडरल (केंद्राच्या) कोर्टात हेबियस अर्ज करतो: माझ्या खटल्यात घटनेची पायमल्ली झाली, तपासा. १९९६च्या कायद्याने याला एका वर्षाची मुदत घातली. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका कैद्याचा अर्ज एक दिवस उशिरा पोचला. त्याची तक्रार काय, तर ज्युरीतल्या एकाने स्वतःच्या आईवर बलात्कार होऊन तिचा खून झाला होता ही गोष्ट निवडीच्या वेळी दडवली. २००३मध्ये अर्ज बाद. तक्रार ऐकलीच नाही. चूक वकिलांची!

खडूस:
मग काय, मुदतच नको? राज्यातली अपिलं वर्षानुवर्षं चालतात, तेव्हा हे घड्याळ थांबलेलंच असतं. मेलेल्याच्या घरच्यांनी किती वेळा कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या? व्हर्जिनियाच्या रॉजर कोलमनच्या वकिलांनी अपील तीन दिवस उशिरा केलं, १९९१ला सुप्रीम कोर्टाने दार लावलं, पुढच्या वर्षी त्याला मृत्युदंड दिला गेला. 'निर्दोष मारला' म्हणून केवढा गाजावाजा! २००६च्या डीएनए चाचणीत गुन्हेगार तोच निघाला.

अर्धविराम:
चाचणी २००६ची. ९१ला दार लावताना कोर्टाला हे ठाऊक होतं का?

पायरीवरचा:
फ्लोरिडाचा अल्बर्ट हॉलंड बघा. तुरुंगाच्या लायब्ररीत बसून मुदत स्वतः मोजायचा, वकिलाला पत्रांवर पत्रं. उत्तर नाही. वकील बदलून द्या म्हणून कोर्टाला लिहिलं, तर म्हणे तुम्हाला वकील आहे, अर्ज त्याच्यामार्फतच करा. मुदत उलटल्याचं कळलं त्याच दिवशी गड्याने स्वतः अर्ज लिहून काढला. २०१०मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, असाधारण परिस्थितीत मुदत शिथिल होऊ शकते.

खडूस:
झाली की सोय.

पायरीवरचा:
कसली सोय? साधा हलगर्जीपणा त्यात बसत नाही. म्हणजे तारीख चुकवणारा बरा वकील मिळाला तर तुम्ही गेलात, आणि पत्रालाही उत्तर न देणारा मिळाला तर वाचण्याची आशा. (अवांतर: आपल्याकडे विलंबमाफीचा अर्ज जोडतात, जमिनीच्या वादातल्या अपिलातसुद्धा.)

खडूस:
हे मात्र विचित्र आहे, मान्य. दंड वकिलाला करा. पण मुदत काढून टाका हे पटत नाही.

अर्धविराम:
काढा असं मी म्हटलंच नाही. धागा परत वाचा.