हवाई अंतर आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ : तुमचे अनुभव लिहा

दोन शहरांमधलं हवाई अंतर शोधलं की एक आकडा मिळतो. त्याला ताशी ९०० किमीने भागायचं, की वेळ निघाला. पण हे गणित क्वचितच जुळतं. तुमच्या प्रवासात ते कुठे आणि कशामुळे बिघडलं? शहरांसोबत दिशाही लिहा. त्याशिवाय अनुभव अर्धाच कळतो.

•

लंडन-न्यूयॉर्क, साधारण ५,५५० किमी. जाताना आठ तास, येताना जेमतेम सात. तेवढ्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात तर फारच. परतीच्या प्रवासात समोरच्या पडद्यावर वेग ताशी १,१०० किमीच्या वर गेलेला मी स्वतः पाहिलाय. फेब्रुवारी २०२०मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक प्रवासी विमान पाच तासांच्या आत लंडनला पोचलं होतं.

•

वाऱ्याचं अगदी पटलं. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालो तेव्हा पडद्यावरचं विमान पूर्वेला वळलं आणि शेजारच्या काकू घाबरल्याच, "अहो, अमेरिका तर तिकडे ना?" अटलांटिकवरून हा मार्ग सुमारे १३,९०० किमी, पॅसिफिकवरून सुमारे १५,३००. अंतर जास्त, तरी वारा पाठीशी असल्याने जवळपास दोन तास वाचतात. काकूंना हे समजावून सांगितलं, मग त्या निवांत झोपल्या.

•

आमचं उलट झालं. हेलसिंकी-टोकियो पूर्वी सैबेरियावरून साडेनऊ तासांत व्हायचं. २०२२मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि तोच प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. लहान मूल मांडीवर असताना ते वाढीव तास काय असतात, हे कुठल्याही अंतराच्या तक्त्यात सापडणार नाही. एकदा विमान उत्तर ध्रुवाकडून गेलं. खाली नुसता बर्फ, मधूनमधून काळ्या भेगा. लेक मात्र गाढ झोपलेली.

•

कमी अंतराचं थोडक्यात सांगते. तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. सव्वा तासाच्या प्रवासात आम्ही हवेत जेमतेम पाऊण तास होतो; बाकी वेळ धावपट्टीच्या रांगेत.

•

कुणी औषधं घेत असेल तर हे नक्की वाचा. टोकियोहून रात्री आठला निघून होनोलुलूला त्याच तारखेच्या सकाळी आठला उतरता येतं. प्रवास सात तासांचा, पण मध्ये वाररेषा आणि १९ तासांचा फरक. आईची गोळी दर बारा तासांनी असायची. डॉक्टरांनी सांगितलं, तिकिटावरच्या वेळा बघू नका, मधले तास मोजा. टोकियोत संध्याकाळी सहाला घेतली, तर पुढची होनोलुलूत सकाळी अकराला. मी एका कागदावर दोन्ही शहरांच्या वेळा शेजारी शेजारी लिहून तो गोळ्यांच्या डबीत ठेवला. तुमच्या गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, पण निघण्याआधी.